शेजारचे काका

“तुम्ही कोणाच्या घरचे?” नर्सने नावाड्याचा आवाज काढून विचारलं आणि टेबलाभोवती बसलेली तिघंही पुन्हा हसली.

“अहो, मघाशीच सांगितलं ना,” ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर म्हणाले. “राजाकडून आलोय. ही घंटा वर पोचवायची आहे. सोडा आता नाव.”

“हो का? वा, वा. बसा, बसा.” नर्सने हवेत वल्हं मारलं, मग मध्येच थांबली. अंगात नसलेल्या शर्टाच्या तुटलेल्या गुंडीशी तिने बोटं चाळवली आणि मास्तरांना जन्मात पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. “तुम्ही कोणाच्या घरचे?”

चष्म्याच्या दुकानात काम करणारी मुलगी हसता हसता टेबलावर डोकं टेकून बसली. मास्तरांच्या बायकोने डोळे पुसले. रंगाऱ्याने स्वतः काढलेलं नावाड्याचं चित्र उचलून सगळ्यांना पुन्हा एकदा दाखवलं. चित्रात एक म्हातारा नावेत उभा होता, अंगात चुकीच्या गुंड्या लावलेला शर्ट आणि दोन्ही चपला हातात.

खिडकीजवळच्या स्टुलावर मुकादम गप्प बसला होता. त्याला बोलायची परवानगी नव्हती.

तसा तो मुकादम नव्हताच. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो फोनवर बसायचा. पण फुकट काम करणाऱ्या माणसांकडून काम काढून घ्यायची त्याची हातोटी बघून मंडळींनी त्याला हे नाव दिलं होतं आणि आता ते चिकटलं होतं. काम म्हणजे ‘उलटी नदी’. तो एक खेळ होता, कागद, पेन्सिली आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं. सूत्रधार सांगणार, समोर नदी आहे, नावाडी नाव सोडत नाही, काय कराल? मग ज्याला जे सुचेल ते त्याने करायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. अशी मोठी गोष्ट आधी कोणीतरी रचून ठेवावी लागते. ती मुकादमाची मंडळी मिळून रचत होती, प्रत्येकाने नदीचा एकेक टप्पा लिहून. पूर्ण झाली की ती सगळ्यांसाठी खुली करायची, ज्याला हवी त्याने घ्यावी आणि खेळावी, कोणाला एक पैसा द्यायचा नाही, असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

हे सोपं नव्हतं. पगारी माणसाला रागावता येतं. हौशी माणसाला रागावलं की तो दुसऱ्या दिवसापासून आजारी पडतो. मुकादम कोणालाच रागावायचा नाही. एकाचं लिहिणं अडलं की त्याच्याशी तासभर गप्पा मारायचा, दोघांचं भांडण झालं की दोघांनाही वेगवेगळं सांगायचा की तुझंच बरोबर आहे. असं करत करत नदी उगमापर्यंत पोचली होती. सोमवारी ती जगासमोर मांडायची होती. त्याआधीची ही शेवटची चाचणी.

चाचणीचा एक नियम होता आणि तो मुकादमानेच घातला होता. खेळायला अशी माणसं बोलवायची ज्यांनी यातलं काही वाचलेलं नाही. आणि ज्याने टप्पा लिहिला त्याने कोपऱ्यात मुक्याने बसायचं. खेळणाऱ्यांनी चुकीचा रस्ता धरला, पात्राचा भलताच अर्थ लावला, तरी लेखकाने मध्ये पडायचं नाही. उद्या परक्या गावातली माणसं खेळतील तेव्हा समजावून सांगायला लेखक थोडाच जाणार आहे? जो बोलेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे, अशी शिक्षाही होती.

एरवी ही मंडळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायची. आज तिथे रंगकाम निघालं. “तुझ्या घरी बसू ना, एकटाच तर असतोस,” रंगारी म्हणाला, आणि मुकादमाला नाही म्हणायला कारण सुचलं नाही. कारण एकटाच असतो हे त्यानेच सांगितलं होतं.

तो एकटा नव्हता. आतल्या खोलीत त्याचे वडील राहत होते.

वडील पोस्टमन होते. सगळी हयात त्यांनी दारोदार पत्रं टाकली. रस्त्यात एखादं अनोळखी पोर दिसलं की सायकल थांबवून विचारायचे, “तू रे कोणाच्या घरचा?” आणि उत्तर मिळालं की त्या घराची सगळी कुंडली मांडायचे. आता ते हाच प्रश्न घरातल्या माणसांना विचारत होते. आधी शेजाऱ्यांना विचारला, मग मोठ्या मुलीला, आणि एका सकाळी चहाचा कप हातात घेता घेता मुकादमाला. त्याला तर ‘तू’सुद्धा म्हणाले नाहीत. “तुम्ही कोणाच्या घरचे?” असं अदबीने विचारलं. तो अदबशीरपणा मुकादमाला जास्त लागला.

ऑफिसातला एक जण मध्ये घरी येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याने वडिलांची हुबेहूब नक्कल केली. सगळे हसले, आणि मुकादमही हसला. हसला नसता तर कारण सांगावं लागलं असतं. त्यानंतर त्याने कोणाला घरी बोलावलं नाही, आणि नवीन ओळखी झाल्या तिथे वडिलांचा विषयच काढला नाही.

मग एका संध्याकाळी मंडळी फोनवर जमली असताना दुसऱ्या टप्प्याचं घोडं अडलं. नदी आहे, नाव आहे, नावाडी आहे, पण सगळंच मिळमिळीत. नर्स म्हणाली, नावाडी जरा गमतीदार हवा. त्याच वेळी आतून वडिलांनी मुकादमाला हाक मारून पुन्हा तेच विचारलं होतं, कितव्यांदा कोण जाणे. तो उत्तर देऊन आला, वैतागलेला, आणि त्याच वैतागात त्याने सगळ्यांना सांगितलं, “नावाडी दर वेळी एकच विचारतो असं करू. तुम्ही कोणाच्या घरचे? सांगितलं की विसरतो. नाव नदीच्या मध्यावर, आणि ह्याचं परत पहिल्यापासून.”

सगळे खो खो हसले. मुकादमाच्या कोणत्याही कल्पनेला याआधी असं कोणी हसलं नव्हतं. तो माणसं जमवणारा होता, लिहिणारा नव्हे, हे तो स्वतःही मान्य करायचा. आता अचानक तोच सगळ्यांत विनोदी ठरला. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने विचारलं, “नावाड्याचं पुढे काय?” आणि मुकादमाकडे पुढचं तयार होतं. वडील चपला हातात घेऊन घरभर फिरायचे, नावाडीही फिरायला लागला. वडील आरशातल्या म्हाताऱ्याला ‘या, बसा’ म्हणून खुर्ची पुढे करायचे, नावाडी पाण्यातल्या प्रतिबिंबाला नावेत जागा करून द्यायला लागला. पुढे पुढे तर मुकादम वडिलांच्या दाराशी उभा राहून कान देऊ लागला. आत ते काही बोलले, चुकले, की तो पटकन मनात टिपून घ्यायचा आणि त्याला आनंद व्हायचा. आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं असं मुळीच नाही. रात्री वडिलांच्या अंगावर पांघरूण घालताना त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. पण सकाळी पुन्हा कोणीतरी विचारायचं, नावाड्याचं नवीन काय, आणि तो सांगायचा.

गंमत पाहा, हा माणूस दिवसभर फोनवर हेच काम करायचा. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं त्याला फोन करायची. घाबरलेला माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो. कधी येणार? कोणी निघालंय ना? कधी येणार? मुकादम दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचा, आवाज जराही न चढवता. त्याच्यासारखा आवाज कंपनीत कोणाचा नाही, असं साहेब म्हणायचे. तो आवाज संध्याकाळी घरी येईपर्यंत संपलेला असायचा.

आज सकाळी ताई येऊन वडिलांना तिच्या घरी घेऊन गेली होती. “संध्याकाळी सावकाश आण,” त्याने तिला दोनदा बजावलं. ताईने कारण विचारलं तेव्हा म्हणाला, मित्र येणार आहेत, उगाच त्यांना त्रास. कोणाला त्रास, हे तिने विचारलं नाही.

“मी नावाड्याला ढकलून देते पाण्यात,” चष्म्याच्या दुकानातली मुलगी म्हणाली. “मग आपणच वल्हवू.”

“फासे टाक,” नर्स म्हणाली.

फासे टेबलावर गडगडले, आणि त्याच वेळी दारात किल्ली फिरली.

दार उघडलं. वडील एकटेच आत आले. चपला त्यांच्या हातात होत्या. शर्टाची वरची गुंडी तुटलेली होती आणि बाकीच्या एकेक घर चुकून लावलेल्या होत्या. इतकी माणसं बघून ते दारातच थबकले, मग चेहऱ्यावर जुनं हसू आणून सगळ्यांत जवळ बसलेल्या मुलीकडे वळले.

“तुम्ही कोणाच्या घरचे?”

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग मुलगी ओरडलीच. “अगं बाई! खराखुरा नावाडी!” मास्तर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्यांची बायको एकदा चित्राकडे आणि एकदा दाराकडे बघत होती. “काय कमाल केलीत हो, अगदी तसेच! कुठल्या नाटक कंपनीतले?”

“राजाकडून आलोय काका,” मुलगी म्हणाली, “सोडा ना नाव.”

वडिलांना आपल्याशी कोणी इतक्या आनंदाने बोललेलं बऱ्याच दिवसांत आठवत नसावं. तेही हसले. “वा, वा. बसा, बसा,” ते म्हणाले, आणि टेबलाभोवती हसण्याचा पूर आला. रंगाऱ्याने मुकादमाच्या पाठीवर थाप मारली. “लेका, सांगितलं नाहीस! कोण आहेत हे?”

एक नर्स तेवढी हसत नव्हती. ती वडिलांच्या गुंड्यांकडे बघत होती.

मुकादमाला अजूनही गप्प बसता आलं असतं. नियम त्याच्या बाजूने होता. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि वडीलही, इतरांसारखेच कुतूहलाने, आता हा काय सांगतो म्हणून.

“शेजारचे काका आहेत,” मुकादम म्हणाला.

“बोलला! मुकादम बोलला!” रंगारी म्हणाला. “कप तुझे आज.”

वडिलांचं हसू हळूहळू ओसरलं. शेजारचे काका, हे त्यांनी स्वतःशी एकदा पुटपुटून बघितलं. मग त्यांना पटलं. परक्याच्या घरात न विचारता शिरल्याचा संकोच त्यांच्या तोंडावर पसरला. “माफ करा हं,” ते म्हणाले. “दार एकसारखं दिसतं. चूक झाली माझी.” हात जोडून ते मागच्या मागे सरकले, उंबऱ्याबाहेर गेले आणि जाताना दार आवाज न करता ओढून घेतलं.

“किती छान केलं शेवटी,” मास्तरांची बायको म्हणाली.

बाहेर जिन्यावर ताईचा आवाज आला. वडिलांना किल्ली देऊन पुढे पाठवून ती भाजीची पिशवी घेऊन मागून चढत होती, धापा टाकत. पातळ दारातून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“बाबा, परत कुठे निघालात?”

“घरी. इथे दुसरीच माणसं राहतात.”

“असं कोण म्हणालं?”

“ते. स्टुलावरचे. मी शेजारचा आहे म्हणाले.”

मुलीने पुन्हा उचललेला फासा हातातून टेबलावर पडला आणि कोणी कितीचं दान ते बघितलं नाही. मुकादमाला वाटलं, आपण आत्ता इथून नाहीसं व्हावं. पण माणूस असा नाहीसा होत नाही. तो स्टुलावरच होता, आणि सगळे त्याला बघत होते, आणि मग एकेक करून त्यांनी नजरा काढून घेतल्या. ते बघण्याहून वाईट होतं.

ताई आत आली. तिने माणसं बघितली, टेबल बघितलं, चित्र बघितलं. चित्राकडे जरा जास्त वेळ बघितलं. ती लहानपणापासून तोंडाची तिखट म्हणून प्रसिद्ध होती, पण आज तिचा आवाज अगदी साधा होता.

“तू म्हणालास?”

त्याने मान हलवली.

“मग जा. शेजारून घेऊन ये त्यांना.”

वडील शेजारच्या बंद दारापुढे उभे होते. चपला त्यांनी तिथल्या पायपुसण्याशेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या आणि बेल दाबून ते हात मागे बांधून वाट बघत होते, पत्रावर सही घ्यायला थांबायचे तसे. शेजारी गावाला गेले होते.

“उघडत नाही कोणी,” ते म्हणाले. “झोपले असतील सगळे.”

“बाबा, चला. आपलं घर हे इकडे आहे.”

“तुम्ही कोणाच्या घरचे?”

“तुमच्याच. मी मुलगा आहे तुमचा.”

वडिलांनी त्याला निरखून बघितलं. एखाद्याची चूक त्याला न दुखवता कशी दाखवावी अशा विचारात ते पडले. “असं कसं?” ते शेवटी हळूच म्हणाले. “मघाशी तुम्हीच म्हणालात ना, शेजारचे म्हणून? सगळ्यांसमोर म्हणालात.”

सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नव्हतं. बायको जाऊन किती काळ झाला ते आठवत नव्हतं, तिचं जाणंच आठवत नव्हतं. हे एवढं मात्र आठवत होतं. अडकलेल्या माणसांना तो दिवसभर सांगायचा, घाबरू नका, मी आहे. इथे ते म्हणता येत नव्हतं.

“पाणी तरी प्यायला या,” तो कसाबसा म्हणाला.

“बरं. दोन मिनिटं हं. मग निघतो.”

ते आत आले ते पाहुणे म्हणून. ताईने चांगली खुर्ची पुढे केली, पण ते मुकादमाच्या स्टुलावर टेकले, अर्धं अंग बाहेर ठेवून. चपला मांडीवर. ताईने पाणी आणलं तर म्हणाले, “राहू द्या, घरी जाऊन पितो.” ताई पेला हातात धरून तशीच उभी राहिली.

मुकादम टेबलापाशी आला. बसला नाही.

“हे माझे वडील,” तो म्हणाला. “नावाडी यांच्यावरून लिहिलाय मी. गुंडी, चपला, आरसा, सगळं यांचंच. मला काही सुचलेलं नव्हतं. मी फक्त दाराशी उभा राहून ऐकत होतो.”

“आम्ही हसलो हो,” मास्तरांची बायको म्हणाली. “त्यांच्या तोंडावर हसलो.”

“मला वाटलं गेममधलेच आहेत,” मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “मी त्यांना पाण्यात ढकलणार होते.”

“तुमचं काय चुकलं? लिहिलंय तसं खेळलात तुम्ही.”

नर्सने समोरचे कागद गोळा करून पालथे घातले. ती मुलांच्या वॉर्डात काम करायची. “हा आवाज मी तिकडेही काढते,” ती म्हणाली. “औषध घेत नाहीत ना पोरं, तेव्हा. सगळ्या वॉर्डाला पाठ झालाय.”

“नावाडी काढून टाकू,” मुकादम म्हणाला. “सोमवारी नाही निघालं तर नाही निघालं.”

हे म्हणणं सोपं होतं. नावाडी आता एकट्या दुसऱ्या टप्प्यात उरला नव्हता. तो लोकांना इतका आवडला होता की प्रत्येकाने त्याला आपापल्या टप्प्यात कुठे ना कुठे आणलं होतं. त्याला काढायचं म्हणजे सगळ्यांनी रिकाम्या वेळात, झोप मोडून केलेलं काम उसवायचं, आणि त्यातलं निम्मं रंगाऱ्याचं होतं. मुकादमाने त्याच्याकडे बघितलं. रंगाऱ्याने नावाड्याचं चित्र उचललं, दोनदा घडी घातली आणि खिशात ठेवलं.

“दुसरा काढीन,” तो म्हणाला. “पण आम्हाला सांगायचं होतंस रे. एकटा राहतो म्हणालास तू.”

वडील स्टुलावरून उठले. “निघतो आता. अंधार पडायच्या आत पोचलेलं बरं.”

“यांना घरी सोडून ये,” नर्स मुकादमाला हळूच म्हणाली. “नाही, इथे नाही. खाली ने, एक फेरी मार आणि घेऊन ये. आमच्याकडे पलीकडच्या, वयस्करांच्या वॉर्डातले तसंच करतात.”

ते दोघे जिना उतरले. वडिलांनी खाली जाऊन चपला पायात घातल्या. इस्त्रीच्या दुकानावरून, सायकल दुरुस्तीवाल्यावरून ते चालत राहिले. चालताना वडिलांची पावलं मोकळी झाली. त्यांचे पाय अजून पोस्टमनचे होते, मुकादमालाच भराभर चालावं लागलं.

“तुम्हाला उगाच तसदी,” वडील म्हणाले. “माझा मुलगा आला असता. कामात असतो तो. फोनचं काम आहे. लिफ्टमध्ये लोक अडकतात ना, त्यांच्याशी बोलतो.”

“हो का?”

“फार चांगला बोलतो म्हणे. मी ऐकलं नाही कधी.” मग थोडं चालल्यावर, “त्याच्याकडे माणसं येतात कधीकधी. मी आपला आतच असतो तेव्हा. त्याला बरं पडतं.”

मुकादम रस्त्यातच थांबला. वडील पुढे गेले, मग तो मागे राहिलेला बघून परत आले.

“दमलात का?” त्यांनी विचारलं. “बसायचं का थोडं?”

“नाही,” तो म्हणाला. “चला.”

कोपऱ्यावरून वळून ते पुन्हा त्याच दारातून आत शिरले, त्याच जिन्याने वर आले. मंडळी निघून गेली होती. टेबल पुसलेलं होतं, खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या, आणि मोरीपाशी चहाचे कप तसेच होते. ते मात्र कोणी विसळले नव्हते. शिक्षा ती शिक्षा, असं रंगारी म्हणाला असेल.

दार उघडताच वडिलांनी खोलीकडे बघितलं. कपाटाकडे, त्यांच्या खुर्चीकडे. त्यांचा चेहरा निवळला.

“आलं घर,” ते म्हणाले. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या आणि मागे वळून बघितलं. मुकादम उंबऱ्याबाहेरच उभा होता. “अहो, आत या ना. इतक्या लांब आलात माझ्यासाठी. असे दारातून जाऊ नका.”

मुकादमाने चपला काढल्या आणि आत आला. वडिलांनी त्याला खुर्ची दाखवली, त्यांची स्वतःची. तो काठावर टेकला. ताई पुढे होणार तेवढ्यात वडिलांनी तिला हाताने थांबवलं, स्वतः आत गेले, माठाचं झाकण आपटल्याचा आवाज आला, पाणी सांडल्याचा आला, आणि ते काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांत धरून बाहेर आले.

“हे मला घरापर्यंत सोडायला आले होते,” त्यांनी ताईला सांगितलं. “भला माणूस आहे.”

ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मुकादम पाणी प्यायला. त्याने सगळं संपवलं, कारण वडील समोर उभे राहून बघत होते.

“आता तुम्ही जाणार कसे?” वडिलांनी विचारलं. “घर लांब आहे का?”

“नाही,” मुकादम म्हणाला. “इथेच आहे.”

“इथेच? म्हणजे शेजारचेच तुम्ही.” वडिलांना बरं वाटलं. “मग येत जा अधूनमधून.”

“येतो,” तो म्हणाला.

रिकामा पेला घेऊन तो उठला, मोरीपाशी गेला आणि एकेक कप विसळायला लागला.